लिफ्टचा ताळा

लोखंडी दोर बदलायचा, मोटर नव्याने गुंडाळायची:
दोन हजार आठशे ऐंशी लारी.
कुटाइसीत, बंद कारखान्यामागच्या नऊ मजली इमारतीत
हिशेब माझ्याकडे आला,
कारण चौकटींची वही फक्त माझ्याकडे होती.

इथे जमिनीलाच पहिला मजला म्हणतात.
त्याला शून्य. दुसऱ्याला एक भाग, तिसऱ्याला दोन,
असं चढत चढत नवव्याला आठ.
मजल्यावर दारं दोन. एकूण भाग बहात्तर,
भागाला चाळीस लारी, बाकी काही नाही.
इतका देखणा भागाकार मला शाळेतही जमला नव्हता.

मग दारं वाजवली.
पाचव्यावरची लामारा म्हणाली,
सातव्यावरच्या कुत्र्याचं वजन धरलंस का?
आठव्यावरचा वाझा, पोलंडहून, फोनवर:
कुलूप कधी चढतं-उतरतं का?
पहिल्यावरचा जुंबेर दारातच सूर्यफुलाच्या बिया सोलत,
"शून्य ना? लिहून दे. सहीनिशी."
दिलं.

नवव्यावरची त्सिआला
दोन हिवाळे खाली उतरली नव्हती.
वाटलं, हीच भांडेल, आणि हिचंच खरं असेल.
तिने बिस्किटांच्या डब्यातून तीनशे वीस मोजले,
पाच-पाचच्या नोटा, थुंकी लावून.
"मी नाही रे उतरत. पण पाव चढतो, डॉक्टर चढतो.
तू आत्ता चढलास ना धापा टाकत?
मोजून घे."

फेब्रुवारीत लिफ्ट सुरू झाली.
मार्चमध्ये त्सिआला गेली.

शवपेटी लिफ्टमध्ये मावत नाही.
सोळा जिने. दर वळणावर पेटी तिरपी,
"सावकाश, कठडा, कठडा,"
आणि उतरताना सगळा भार पुढच्या खांद्यांवर जातो
हे मला वहीशिवाय कळलं.
पुढे डावीकडे जुंबेर होता.
बोलावलं नव्हतं कुणी.
शेजारच्या जाळीतून दिवा लागलेली रिकामी लिफ्ट
आमच्याबरोबर खाली गेली,
कुठल्याशा पोराने बटण दाबलं असेल,
पुन्हा वर गेली.

चाळिसाव्या दिवशी पावावर तिच्या नावाने वाइन शिंपडून झाल्यावर
जुंबेरने माझ्यापुढे चाळीस लारी ठेवले.
कशाचे?
"लिही काहीतरी."

जिन्यांचे भाग मी पाडलेलेच नव्हते.
तेव्हापासून दर महिन्याला बेरीज चाळीसने जास्त येते.
लामाराची खात्री आहे,
मी शेवटी कुत्र्याचे पैसे घेतलेच.