दुसरं रेनडिअर

वेइयो किन्नुनेन, वय अठ्ठावन्न,
सुओमुस्सल्मीच्या जंगलातून ओउलूच्या गिरणीपर्यंत
एकतीस वर्षं ओंडके वाहणारा माणूस,
आमच्या तळघरातल्या खोट्या ट्रकमध्ये चढण्याआधी
सवयीनं टायरला लाथ मारतो.
टायर नाहीच. बूट प्लायवूडवर वाजतो.
तो हसत नाही. मीही नाही.

त्याच्या गळ्याच्या हाडावर मी चिकटपट्टीनं
वाटाण्याएवढी मोटर बसवते.
ती थरथरली की बोटाला बांधलेलं बटण दाबायचं, एवढंच.
कधी तीन सेकंदांनी थरथरेल, कधी पाच.
"हे कशाला?"
मनावर किती भार आहे ते मोजायला.
"म्हणजे वजनकाटा," तो म्हणतो,
"आमच्या गिरणीच्या फाटकावर आहे.
अडुसष्ट टनांवर एक किलो गेलं तरी बोंबलतो."

आमचा काटा उलटा आहे, हे मी त्याला सांगत नाही.
भार आम्हाला दिसतच नाही कधी.
भार चढवल्यावर जे उरतं ते आम्ही मोजतो,
पानात टाकलेल्या घासांवरून
पोट किती भरलं ते ताडावं, तसं.

मोकळ्या रस्त्यावर दोनशे नव्वद मिलिसेकंद.
मग आकडे. मी म्हणते सात, चार, नऊ, चार,
त्यानं दोन घरं मागचा सांगत राहायचा:
चारशे सत्तर.
मग फोन. शेजारच्या खोलीतून पिर्को
विमा कंपनीची बाई होऊन त्याला
पत्ता, जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव विचारते:
सहाशे दहा,
आणि एक बर्चचं झाड आरशाला जवळजवळ घासून जातं.
इथवर सगळं पुस्तकात असतं तसं.

शेवटचा टप्पा. आता काहीच विचारायचं नाही.
बाराव्या मिनिटाला उजवीकडून रेनडिअर येतं.
याल्मारीनं दोन महिने खपून
त्याच्या पायांना चाल दिली आहे.
ते रस्ता ओलांडतं, डावीकडच्या धुक्यात विरघळतं.
वेइयो वेळेवर ब्रेक लावतो.
पुढं नऊ मिनिटं नुसता रस्ता.
आलेख आता खाली यायला हवा.

आठशे.
नऊशे चाळीस.
मग थरथर, आणि उत्तर नाही.
थरथर. उत्तर नाही.
ट्रक दोरी धरल्यासारखा मधोमध, वेग साठाच्या आत,
बाहुल्या बशीएवढ्या,
आणि माझ्या पडद्यावर लाल अक्षरं: लक्ष विचलित.

लक्ष कुठं होतं तुमचं?
विचारल्यावर माझं मलाच कळतं,
हा चौथीच्या बाईंचा आवाज आहे.
तो पट्टी उपटतो. छातीचे दोन केसही येतात.
"दुसरं कुठंय?"
दुसरं काय?
"रेनडिअर. ते एकटं कधी नसतं.
पहिलं गेलं की माणूस निश्चिंत होतो, पाय दाबतो,
आणि नेमकं तेव्हाच मागचं येतं.
पाडस असेल तर हमखास.
नऊ मिनिटं मी त्याची वाट बघतोय,
आणि तुमची ती माशी
सारखी गळ्याशी."

दुसरं लिहिलेलंच नव्हतं.
याल्मारी मान न वळवता म्हणतो,
काढून टाक याला, एकट्यामुळं सरासरी नासते.
फॉर्मवर कारणांच्या चौकटी आहेत:
झोप. थकवा. उपकरणात बिघाड. इतर.
'इतर'पुढं दोन बोटं जागा.
पेनाचं टोपण उघडून मी तशीच बसून राहते.

वेइयो पावती मागतो.
काट्यावरून उतरलं की पावती घ्यायची असते.
मी आलेख छापून देते.
तो चार घड्या घालतो, पाकिटात
डिझेलच्या बिलांमध्ये सरकवतो,
आणि दारात, एक हात जॅकेटच्या बाहीत,
वळून विचारतो,
"मग, किती भरलं?"