मार्चमधला तास

आमचं केंद्र गारांचं आहे.
मेरिदात, जिथे एप्रिलमध्ये डांबर चपलेला चिकटतं
आणि कुत्री सावली सोडून भुंकायलाही उठत नाहीत,
तिथे तिसऱ्या मजल्यावर चाळीस जण बसून
इलिनॉयच्या छपरांवर पडलेल्या गारा मोजतो.

करार झाला तेव्हा शिकागोहून कर्स्टनबाई आल्या.
भिंतीवर नकाशा लावून म्हणाल्या,
मनिला आमच्यासाठी रात्रभर जागतं,
क्राकूव आमच्या दुपारीच झोपायला जातं,
तुम्ही मात्र उंबऱ्याला लागून.
आमची सकाळ तीच तुमची सकाळ.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.
दाराशी पाटी लागली : उत्कृष्टता केंद्र.
रंग ओला होता, कुणीतरी बोट लावून पाहिलं,
ते बोट अजून पाटीवर आहे.

विल्बर्थ त्सुलला मी मुलाखतीत विचारलं,
गार पाहिलीय कधी?
म्हणाला, नाही. पोचा पाहिलाय.
मामाच्या गॅरेजात नऊ वर्षं
आतून हातोडी मारून पत्रा सरळ करायचा.
आता फोटो पाहून सांगतो :
हा गारेचा.
हा पोराच्या चेंडूचा.
आणि हा, लिहिया, हातोडीचाच. माणूस घाईत होता.
शिकागोच्या नियमपुस्तकात त्याच्या नावाची एक चाचणी आहे.
तिथे त्याला विल्बर म्हणतात.

माझे आजोबा घायपात कापायचे.
वाखाच्या दोरीची भेंडोळी बंदरावर जायची,
तिथून जहाजाने उत्तरेला, गव्हाच्या पेंढ्या बांधायला.
गहू त्यांनी पाहिला नव्हता.
हे एकदा कर्स्टनबाईंना सांगायचं ठरवलं होतं,
पण मीटिंग अठ्ठावीस मिनिटांची होती
आणि पंचवीस मिनिटं आवाज येत नव्हता.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी
त्यांची घड्याळं तासभर पुढे उडी मारतात.
आमच्या देशाने ही उडी सोडून दिली आहे.
नकाशावर हे कुणी काढलं नव्हतं.
सोमवारी आम्ही आठाऐवजी सातला पोचलो,
डोळ्यांत अर्धी उशी घेऊन.
खाली दोन्या एल्सीची गाडी उभी,
पावात कोचिनिता भरलेली, कांदा गुलाबी.
तिला कुणी मेल पाठवला नव्हता.
विचारलं तर म्हणाली,
गेल्या वर्षी आठवडाभर माझे पाव उरले.
तेवढं पुरतं.

नोव्हेंबरात तो तास परत मिळतो म्हणतात.
मला अजून सापडलेला नाही.

आणि मग यंदा, एका गुरुवारी, तीन वाजता,
आभाळ शेवाळाच्या रंगाचं झालं
आणि पत्र्यावर कुणी मूठभर खडे फेकावेत तसं काहीतरी वाजलं.
चाळीसही जण कानातली यंत्रं काढून जिन्याकडे.
पार्किंगमध्ये विल्बर्थ उघडी ओंजळ धरून उभा,
सहा वर्षं ज्या मालाचा तो जाणकार
तो पहिल्यांदाच हाताला गार लागत होता.
कुणी हसत होतं, कुणी फोनवर आईला ऐकवत होतं.
त्याने एक गार चिमटीत उचलली,
विरघळण्याआधी मापली :
वाटाणा. नामंजूर.
मग पुढची पडली. लिंबू.

एल्सीच्या गाडीवरची ताडपत्री तीन ठिकाणी फाटली.
भोकातून आभाळ दाखवत तिने विचारलं,
वरती हेच काम करता ना तुम्ही सगळे?
मी म्हणाले, हो. इथलं नाही.
इथलं कोण करतं?
मला खरंच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक अहवाल होता.
फोटो चार. माप, दिशा, कापडाचं वय, पावांचं नुकसान.
भाषा नेहमीची, स्वच्छ.
शेवटी शिफारस : मंजूर करावे.
सही पूर्ण नावाची, र ला थ जोडलेला.

पॉलिसी क्रमांकाची चौकट रिकामी आहे.
प्रणाली ती रिकामी ठेवून पुढे जाऊ देत नाही.
मी रोज सकाळी ती फाइल उघडते,
त्यांच्या आठला, आमच्या सातला.