बाटलीपायी

शुक्रवारी हॅनलीच्या दुकानातून आईनं गोमांस आणलं,
मानेकडचं, मधून चरबीची रेघ गेलेलं,
दीड किलो. तोलताना तो म्हणाला,
"पोरगा येतोय म्हणे?"
"येतोय," म्हणाली,
आणि सुटे पैसे उगाच दोनदा मोजले.

शनिवारी पीठ भुरभुरून तुकडे तिनं
बिडाच्या भांड्यात परतले, थोडे थोडे करून.
गर्दी केली की मांस परतत नाही,
रडत बसतं, पाणी सोडतं –
हे तिचं वाक्य. माझ्या लग्नातही
ती ते कुणाला तरी म्हणाली होती,
कशावरून, ते आता आठवत नाही.

कांदे, गाजरं, सेलरीचे दोन दांडे,
दोऱ्यानं बांधलेली थाइमची जुडी.
भांड्याच्या बुडाला धरलेलं तांबूस-काळं
सुटायची वाट बघत होतं.
इथं स्टाऊट ओतायची.
बाबा असते तर इथं
अर्धी भांड्यात, अर्धी गळ्यात,
वर पुन्हा, "आचाऱ्याचा हक्क."

बाटली टेबलावर उभी.
आईनं ओपनर उचललं. ठेवलं.
बाहेर पीटच्या ढिगावर ताडपत्री फडफडत होती.
"तीन तास शिजल्यावर उडून जाते ना गं सगळी?
तू शिकलेली, तू सांग."
सगळी नाही जात, मी म्हटलं.
"किती राहते?"
थोडी.
"थोडी," ती म्हणाली,
दूरच्या, भांडकुदळ नातलगाचं
नाव घ्यावं तशी.

फियाक्राला अकरा महिने नि चार दिवस झाले होते.
कॅलेंडरवर, गाईंच्या डॉक्टरच्या तारखांमध्ये,
आई रोज पेन्सिलीनं एक टिंब देते,
इतकं फिकट, की विचारलं तर
माशी बसली होती म्हणता यावं.

मग तिनं फटकन बाटली उघडली.
माझ्या पोटात गोळा आला.
पण ती वळली मोरीकडे,
आणि काळी धार, तपकिरी फेस,
गटगट आवाज करत
सिंकनंच ती पिऊन टाकली.
वास मात्र उरला. वास कुठं ओतणार?
नोव्हेंबरात दारं-खिडक्या सताड उघडल्या आम्ही,
कुत्रं आत यावं की बाहेर जावं
या विचारात उंबऱ्यावरच बसलं.

स्टाऊटऐवजी चहा.
डांबरासारखा होईस्तोवर उकळलेला,
चमचाभर काळी काकवी, व्हिनेगरचे चार थेंब.
वर पारी लाटून घातली, कडा काट्यानं दाबल्या,
मधोमध चिनी मातीचा काळा पक्षी,
चोच उघडी,
आतली वाफ बाहेर जायला वाट हवी म्हणून.

तो अथलोनच्या बसनं आला. वाळलेला.
दाढी नीट केलेली, एका कानाखाली कापलेली.
खरं सांगायचं तर पाई जमली नव्हती:
रस्सा पातळ, एक कड करपलेली.
दुसऱ्या घासाला तो थांबला.
"चहा," म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला.
"चहा," आई म्हणाली, बशीत बघत.
"गोड लागतोय."
आणि पुन्हा वाढून घेतलं त्यानं,
लहानपणीसारखी पारीची कड शेवटी खायला ठेवून.

भांडी त्यानंच घासली.
सिंकच्या जाळीत बाटलीचं झाकण अडकलेलं होतं,
आम्ही दोघी ते विसरलो होतो.
त्यानं ते अंगठ्यानं पुसलं, उजेडात धरलं.
आई चुलीतली राख ओढत राहिली,
नसलेली राखसुद्धा.
"पूर्ण बाटली?" त्यानं विचारलं.
"पूर्ण."
"बाबा असते तर रडले असते."
आणि पहिली हसली ती आईच,
हसता हसता कसलंतरी झालं तिचं.

रात्री टिंब द्यायला ती कॅलेंडरपाशी गेली
तर आजच्या चौकोनात आधीच एक होतं,
जाडं, वाकडं,
पेननं दिलेलं.

पेन्सिल तिनं कानामागं खोचली
आणि उरलेल्या पाईवर ताट झाकलं.