किल्ली सोडल्यावर

रिओ गायेगोसच्या रस्त्यावर, वाऱ्यात, जुना डॉज ट्रक.
एर्मेलिंदा किल्ली फिरवते, इंजिन धडधडतं.
किल्ली सोडते, गप्प.
आठव्यांदा.

नासारेनो बॉनेटखाली डोकं घालतो.
"कॉइल धड आहे, बाई.
जाड तारेचे वेढे थोडे, केसाएवढ्या तारेचे हजारो;
पॉइंट उघडला की प्रवाह तुटतो,
तुटतो म्हणून तर ठिणगी."
मग पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीवर नख वाजवतो.
तडा.
"ही मधे बसून तापते, निम्मी वीज गिळते,
म्हणून कॉइल जळत नाही.
स्टार्टर फिरतो तेवढा वेळ हिला वगळतात.
पुढचा सगळा रस्ता हिच्याच जिवावर."

दुसरी कांडी इथे कुठली?
तो तारेचा तुकडा बांधून देतो:
थेट घरी जा, रेंगाळू नका.

नव्वद किलोमीटर.
फाटकं उघडायला उतरते तेव्हाही ती इंजिन बंद करत नाही,
कॉइलवरचा ओला फडका तेवढा बदलते.
कुंपणापलीकडच्या मेंढ्या कुणाच्या, बघत नाही.

अंगणात पोचल्यावर कोटाच्या खिशात हात जातो.
कांडी.
गार पडलेली.
इतकी वर्षं
हिला हात लावायची सोय नव्हती.