भोकं खाली सरकतात

नालबंद काल्यो म्हणाला, दोर धर, वाइके,
आणि खिळ्यांची वळलेली टोकं एकेक सरळ करत
त्यानं चारही नाल उतरवले.
चौथा फरशीवर आपटला
तसे टुइस्कनं कान टवकारले,
दुसऱ्याच कुणाचं काही पडल्यासारखे.

टुइस्क म्हणजे आमच्या भाषेत उडता बर्फ.
अकरा वर्षं लोखंडावर चाललेला हा बर्फ
सप्टेंबरात, बटाटे काढून झाल्यावर,
अनवाणी झाला.
तोही या बेटावर,
जिथं माती चार बोटं
आणि खाली सगळी चुनखडी,
जिथं जुनिपरसुद्धा दगडाशी भांडून
गुडघ्याएवढंच वाढतं.

तबेल्यापासून विहिरीपर्यंत तीस पावलं.
पहिल्या दिवशी त्याला अर्धा तास लागला.
प्रत्येक पाय हवेत थांबायचा,
टाचेऐवजी टोक आधी टेकायचं,
पाठ कमानीसारखी वर.
मीही बरोबर थांबायचे, उगीच श्वास धरून.

साल्मे कुंपणावर ओणवी होऊन म्हणाली,
मुक्या जिवाचा छळ चाललाय हा.
मी उत्तर दिलं नाही.
रात्री मात्र काल्योचा नंबर दोनदा लावला
आणि वाजण्याआधी कापला.

मग हिरवं कुरण बंद.
गवत बादलीत भिजवायचं, त्यातली साखर धुऊन काढायची,
पाणी ओतून द्यायचं नि ओलं गवत पुढ्यात.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
की मी माझा केक लपवून खाल्ला.

मुख्य भूमीवरून बोटीनं रबरी बूट मागवले.
एक बूट चिखलानं गिळला,
दुसरा तो स्वतःच चावून बसला.

शेवटी समुद्रच कामी आला.
वादळानंतर किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग पडतात,
काळे, दमट, गादीसारखे.
तिथं त्याला रोज नेलं.
आधी शेवाळ, मग वाळू,
मग वाळूत मिसळलेली खडी,
आणि खडीवर फक्त तो स्वतः जाईल तेवढंच.
दोर मी सैल सोडायला शिकले.
त्याला हे माझ्याआधीच कळलं होतं.

खूर महिन्याला नखभर वाढतो.
खिळ्यांची भोकं
भिंतीतून खाली सरकत होती,
दर महिन्याला जरा जमिनीजवळ.
काल्यो दर सहा आठवड्यांनी यायचा,
कड गोल करायचा, तळव्याला हात लावायचा नाही.
त्याला राहू दे, म्हणायचा, तो आता कामाला लागलाय.

नोव्हेंबरात, धुक्यात, मी दोरीवर चादर घालत होते
आणि मानेवर ऊन श्वास आला.
किंचाळलेच.
अकरा वर्षं मला तो कुठं आहे ते ऐकू यायचं:
टण् विहीर, टण् फाटक,
रात्री टण् म्हणजे झोप लागत नाहीये.
आता दीड पोत्यांच्या नव्हे, साडेचारशे किलोंच्या
मांजरासारखा तो मागे येऊन उभा.
त्या हिवाळ्यात मी पुष्कळदा दचकले.
झोपताना तबेल्यात डोकवायचे,
दिसला की मगच दिवा मालवायचे.

बर्फात एक मात्र बरं झालं.
पूर्वी नालात बर्फाचे गोळे साचायचे,
तो उंच टाचांच्या बाईसारखा डुगडुगायचा,
आणि मी हातोडीनं ते फोडत बसायचे.
यंदा हातोडी खुंटीवरच गंजली.

जानेवारीत शेवटचं भोक
काल्योच्या कानशीखाली पांढऱ्या भुशात गेलं.
मी ते उचलायला वाकले.
भोक कसं उचलणार?

मे महिन्यात मी सरपण रचत होते.
मागे वळले तर फाटक सताड उघडं,
आणि साल्मेच्या घरापर्यंतच्या खडीच्या रस्त्यावर
टुइस्क, कान सैल,
टाच आधी, मग टोक,
घाई नाही, थांबणं नाही,
साल्मेच्या कोबीच्या रोपांकडे.

पोचायला मला उशीर झाला.
दोन ओळी संपल्या होत्या.
साल्मे दारात, हातात झाडू,
चेहरा बिटासारखा लाल:
घाल, त्याला परत ते लोखंड घाल, वाइके!
निदान येताना ऐकू तरी येईल!