ठिपके

गोदीतून पॅलेट येतात. मुकुंद गाडीच्या टपावर बांधून आणतो,
शिकार आणावी तसा, लिफ्टमध्ये मावत नाही म्हणून जिन्याने.
फळ्यांवर शिक्के असतात : कुठल्या देशाचं झाड,
कुठल्या भट्टीत तापवलं, कीड मेल्याची खात्री.
तो शिक्का मी घासत नाही.
मागच्या बाजूला ठेवते, भिंतीकडे तोंड करून राहील.

मुहर्रकला रंगकामाचे दिवस मोजके.
ऑगस्टात व्हार्निश सुकतच नाही, बोट लावलं की ठसा.
जूनमध्ये शमाल सुटतो
आणि ओल्या 'सुस्वागतम्'वर अख्खं वाळवंट येऊन बसतं.
पहिल्या वर्षी रडले.
दुसऱ्या वर्षी एकीने विचारलं,
हे दाणेदार फिनिश कसं हो काढता?
मी दर वाढवले.

बाल्कनी दोन हात. त्यात वाळत घातलेले कपडे, कुंडीतला ओवा,
आणि नाकाला ओढणी बांधून मी.
दिवाळीआधी कंदिलाचे सांगाडे,
मग अन्नम्माच्या चर्चसाठी चांदण्या,
मार्चात वीतभर गुढ्या, फ्रिजला चिकटणाऱ्या.
त्याच पट्ट्या, त्याच चुका,
कोन बदलला की सण बदलतो.

देवनागरी मला सोपी.
आधी शिरोरेघ बांधायची, मग अक्षरं वाळत घालायची.
अरबीला दोरीच नाही.
ती उजवीकडून येते, जमिनीलगत वाहते,
आणि ठिपके अगदी शेवटी,
सगळं आवरून झाल्यावर कुंकू लावावं तसे.

रमजान अर्ध्यावर आला.
खालच्या मजल्यावरची उम्म राशिद म्हणाली,
गरगाऊनच्या रात्री पोरं येतील, गळ्यात पिशव्या अडकवून,
अक्रोड मागतील, चॉकलेटं मागतील.
त्याआधी दाराला पाटी हवी. बैत जासिम.
जासिमचं घर. जासिम तिचे वडील, त्यांनीच बांधलेलं.
कागदावर लिहून दिलं. कागद चार घड्यांचा.

उम्म राशिद म्हणजे राशिदची आई.
तिचं स्वतःचं नाव चार वर्षांत मी विचारलं नव्हतं.

मी वाचत नव्हते, काढत होते.
रात्री दीड वाजता ठिपके दिले.
मधल्या दात्याखालचे दोन घडीत बुजले होते, ते राहिलेच.
आणि वर कुंचल्यातून एक थेंब निसटला.
असेलच तिथे, म्हटलं,
आणि चांगला गोल करून टाकला.

सकाळी तिने पाटी उजेडाकडे धरली.
सून आधी हसली, मग तोंडावर हात.
घर राहिलं नव्हतं. मुलगी झाली होती.
बिंत जासिम. जासिमची मुलगी.

मी म्हटलं, खाला, दो मिनिट, घासून देते,
पॉलिश पेपर वर आहे, पैसे नकोत —
तिने पाटी पोटाशी धरली.
आमच्या तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली,
पचास साल कोई मेरे को ऐसा नहीं बोला.
रहने दो.

त्या रात्री पोरं आली, जरीचे झगे, टोप्या, ढोलकी.
एका चष्मेवाल्याने पाटी मोठ्याने वाचली,
चुकलंय म्हणाला.
त्याला मूठभर जास्त अक्रोड मिळाले.

गर्दी पांगल्यावर तिने मला विचारलं,
आणि तुझ्या दाराला काय?
माझ्या दाराला तेवीस. पितळेचा आकडा,
तोही तिचाच, भाड्यात धरलेला.

एक फळी काढली, तासली, प्रायमर मारला.
पेन्सिलीने शिरोरेघ ओढली, पट्टी न लावता सरळ आली.
तिच्याखाली कुणाला टांगावं ते तीन दिवस ठरेना.
चौथ्या दिवशी मुकुंदने विचारलं, ही रिकामीच आहे ना?
आणि दोन चुका ठोकून
गाडीची किल्ली अडकवली.

रेघ अजून दिसते.
किल्ली हलली की जास्त.