पीळ

लामारा आत्या, कळवायचं राहिलं:
याही खेपेला नापास.
'पदार्थांचं सामर्थ्य', विषयाचं नावच असं
की घरी सांगताना आपलंच आपल्याला हसू यावं.
एक्कावन्न लागतात. सत्तेचाळीस पडले.

तिबिलिसीत बर्फ नाही, नुसता गारठा.
होस्टेलच्या फुटक्या काचेवर मी
ड्रॉइंगचा जुना कागद चिकटवलाय,
त्यावर एका गिअरचे अठरा दात.
एक दात चुकला होता, खोडून खोडून कागद विरला.
वारा नेमका तिथूनच येतो.

गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत सळई ओढली.
यंत्र तुझ्या वयाचं, तबकडीवर रशियन अक्षरं.
काटा चढत जातो, आपण मुकाट आकडे लिहायचे.
पोलाद आधी काही दाखवत नाही.
जरासं लांबतं, सोडलं की परत येतं.
इथवर सगळं माफ.
पुढे मात्र जे गेलं ते गेलं.
मध्येच कुठेतरी ते बारीक होतं,
पुस्तकात त्याला मान म्हणतात.
आधी मान काढतं,
मग मान टाकतं.

वाझा दचकला, बंदूक उडाल्यासारखा आवाज.
मी तुकडा उचलला तर तो गरम होता,
ताप आलेल्या कपाळाइतका.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
हे आम्हां चिआतुराच्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.
शाळेला टांगून, दवाखान्याला टांगून,
खाली मँगनीजनं काळवंडलेली क्विरिला,
आणि त्या पत्र्याच्या डब्यात एकतीस वर्षं दाराशी तू.
नोदारकाकाची शवपेटीसुद्धा तूच वर नेलीस,
एका हातानं धरून,
वळणावर ती सरकू नये म्हणून.

तुटला तर? मी विचारलं होतं. सात वर्षांची असेन.
तू म्हणालीस, गप्प बस आणि ऐक.
खांबावरून जाताना दोर कण्हतो, कण्हू दे.
कण्हायचा थांबला, की मला सांग.

तोंडी परीक्षेला वालेरियन सरांनी हेच काढलं:
दोराचा थकवा, सुरक्षेचा गुणांक.
मी म्हणाले, सहा.
सहाच का?
मग मी तुझं सगळं सांगितलं,
खांब, कण्हणं, सगळं.
त्यांनी चष्मा काढून शेवटपर्यंत ऐकलं.
म्हणाले, छान. पण हे उत्तर नाही.
ही तुमची आत्या आहे.

अर्धा दिवस मी त्यांना शिव्या दिल्या.
मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर, खोल खाली उतरताना,
एका म्हातारीनं माझ्या खांद्याचा आधार घेतला
आणि मला एकदम सुचलं:
तुला कधी सर्दी झाली असती तर?
ज्या दिवशी तू रजेवर होतीस,
त्या दिवशी डब्यात कोण ऐकत होतं?
सहा म्हणजे तेच की.
एकाचं काम, आणि वर पाच,
तू नसलेल्या दिवसांसाठी.

आता तर तू कुठल्याच दिवशी नसतेस.
डबे नवे, काचेचे, आत कुणी उभं नसतं.
आई सांगत होती, तू त्यांतून जातेस
पण बसत नाहीस.

निघताना तू वीतभर जुना दोर दिला होतास,
कागद उडू नयेत म्हणून.
काल रात्री तो सोडवत बसले.
सहा पेड, पेडात एकोणीस तारा,
एकशे चौदा, दोनदा मोजल्या.
आणि मधोमध सुंभ, आत्या,
इतक्या वर्षांनी अजून तेलकट.
एकेक तार सुटी करून टेबलावर ठेवली,
सरळ केली, वहीखाली दाबली.
सकाळी पाहते तर वही तिरकी.

जूनमध्ये पुन्हा बसतेय.
तोवर तू एक कर, कानाच्या डॉक्टरकडे जा.
हल्ली फोनवर तुला
सगळं दोनदा सांगावं लागतं.
नापास झाले, हेही
दोनदाच सांगावं लागेल.